काकीचा बिडाचा तवा

आमच्या स्वयंपाकघरात दोन चुली होत्या. घर एक, दुकान एक, ज्वारीची कणगी एक, आणि अप्पा नि काका तर एका ताटात जेवतील असे भाऊ. तरी चुली दोन. आतल्या भिंतीला आईची, आणि परसदाराशी काकीची. नवा पाहुणा आला की त्याला वाटायचं, भावांच्या वाटण्या झाल्या. तो चाचरत विचारायचा. मग अप्पा म्हणायचे, "आमी वेगळे न्हाई झालो. तवा तेवढा वेगळा झालाय."

आमचं गाव आष्टीच्या वाटेवरचं. राज्य निजामाचं होतं. इंग्रजी मुलखातले लोक आमच्या भागाला मोगलाई म्हणायचे आणि इकडे मुलगी द्यायची म्हटली की दहा वेळा विचार करायचे. काकीच्या वडिलांनी तो विचार केला असेल की नाही, कोण जाणे. ती सोलापूरकडची. आम्ही लिंगायत, दुकानदारी करणारे. सोयरिका लांबच्या असायच्या, आणि काकी तर आमच्यातली सगळ्यात लांबून आलेली.

ती बैलगाडीतून आली तेव्हा तिच्याबरोबर एक ट्रंक, एक घोंगडी आणि गोणपाटात गुंडाळलेला तवा होता. करमाळ्याच्या बाजूने आमची हद्द लागते तिथे करोडगिरीचा नाका होता. जकात घेणारे शिपाई गाडी उलटीपालटी करून बघायचे. ती गोष्ट काकी मला पुन्हा पुन्हा सांगायची आणि मीही पुन्हा पुन्हा ऐकायची. शिपायानं गोणपाट सोडलं, तवा दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाला, "ये क्या है? ढाल है क्या?"

नव्या नवरीनं बोलायचं नसतं. पण काकी बोलली. "तवा हाय. जपून ठिवा, पडला तर फुटंल."

शिपाई हसायला लागला. लोखंड कुठं फुटतं? आणि हसता हसताच त्याच्या हातून तवा निसटला, चाकाच्या धावेवर आपटला आणि काठाचा चंद्रकोरीसारखा टवका उडाला. काकी म्हणायची, "बिचाऱ्याचं तोंडच उतरलं गं. त्यानं तो टवका उचलून माज्या हातात दिला. मी काय करू त्याचं? पर घेतला." मग त्यानं ट्रंक न उघडताच गाडी सोडली.

मी लहान होते तेव्हा मला वाटायचं, बिडाचा तवा म्हणजे बीडहून आणलेला तवा. अप्पा कचेरीच्या कामाला बीडला जायचे. एकदा मी त्यांना सांगितलं, काकीसारखाच एक तवा माझ्यासाठी आणा. काकीला हसू आवरेना. "अगं, ह्या ओतीव लोखंडालाच बीड म्हंत्यात. गावाचा आन त्याचा काय संबंध न्हाई." मला ते काही पटलं नाही. इतका चांगला तवा आपल्या जिल्ह्याचा नाही, हे मला अपमानासारखं वाटलं.

तवा तिच्या आईचा होता. काळाभोर, जड, मध्ये किंचित खोलगट. त्याच्यावर काकी ज्वारीच्या पिठाची धिरडी करायची. तवा तापला की वांग्याचा देठाकडचा तुकडा करडीच्या तेलात बुडवायचा आणि देठ धरून तो तव्यावर गोल फिरवायचा. चर्र आवाज आला की पीठ सोडायचं. वाटीच्या बुडानं ते आतून बाहेर पसरत न्यायचं. कडा सुटायला लागल्या की उलथन्याची गरजही पडायची नाही. धिरडं आपणहून सरकायचं. जाळी पडलेलं, कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ. लसणाच्या चटणीबरोबर ते खाताना मला बोलावलेलं ऐकू यायचं नाही, असं आई म्हणायची.

काम झाल्यावर काकी त्याला पाण्याजवळ नेत नसे. कोमट असतानाच चिंधीनं पुसायची, बोटभर तेल लावायची आणि मग तेच तेल दुसऱ्या कोरड्या चिंधीनं पुसून काढायची. मी विचारलं, "लावलं कशाला मग?" ती म्हणाली, "त्याला पायजे तेवढं त्यानं घेतलं. बाकीचं आपलं." आणि तवा खुंटीला टांगायची. भांड्यांच्या उतरंडीत तो कधी गेला नाही.

भांडण झालं ते पंचमीच्या वेळी. काकी माहेरी गेली होती. सणाच्या आधी आईनं घरातली सगळी भांडी ओढ्यावर नेली. आई कामाची मोठी. तिच्या हाताखालून गेलेली पितळेची घागर उन्हात धरली तर डोळे दिपायचे. तांब्यापितळेला चिंच आणि राख लावून झाली, आणि तिला वाटलं, जावेचा तवा किती दिवसांचा काळा राहिलाय. आपण लख्ख करून ठेवू, ती आली की खूश होईल. तिनं विटकरीची भुकटी घेतली, चिंच घेतली आणि उन्ह कलेपर्यंत तो तवा घासला. मी शेजारी बसून पाणी घालत होते. काळं पाणी ओढ्यातून वाहत गेलं. तवा पार करडा झाला, पावसाच्या आभाळासारखा. आईचे खांदे भरून आले होते, पण चेहरा प्रसन्न होता.

काकी आली. माहेरचे लाडू तिनं आमच्या हातावर ठेवले आणि पाणी प्यायला आत गेली. बराच वेळ बाहेर येईना म्हणून मी डोकावले. ती खुंटीखाली भुईवर बसली होती आणि तवा तिच्या मांडीवर होता.

"अक्का," ती आईला म्हणाली, "हे कुणी केलं?"

"मी केलं. किती मळ साचलता त्याच्यावर."

"तो मळ नव्हता. माज्या आईनं वीस-पंचवीस वर्सं तेल पाजलं त्याला. आई तर गेली. तिच्या हातचं एवढंच राह्यलं होतं."

आई गोंधळली. तिनं चांगलं करायला जावं आणि असं व्हावं. सासूच्या माघारी घर तिनंच सांभाळलं होतं, आणि तिला चूक दाखवणारं घरात कुणी नव्हतं. तिनं मान वर केली. "मी मळ काढला, कुणाचा जीव न्हाई काढला. उगं कशापायी एवढं?"

काकीनं तवा पुन्हा खुंटीला टांगला. दुसऱ्या दिवशी तिनं परसदाराशी माती कालवली आणि स्वतःची चूल घातली. अप्पांनी आईला समजावलं, काकांनी काकीला. दोघी ऐकून घेत आणि आपापल्या चुलीशी जात. त्यानंतर त्या एकमेकींशी बोलत नसत. आई भिंतीला सांगायची, "डाळ सरत आली." काकी मला सांगायची, "आईला म्हणावं, दुकानातून आणलीय." मी मध्ये उभी. दोघींचं दोघींना ऐकू जात असे, तरी मला ते बोलून दाखवावं लागे.

काकीनं तवा पुन्हा काळा करायला घेतला. रोज चुलीत मंद जाळ, रोज तेलाचा हात, धूर निघेपर्यंत तापवणं, तसाच निवू देणं. मी तिच्याजवळ बसून असे. तिला मूलबाळ नव्हतं. तिचं सगळं बोलणंचालणं माझ्याशी. पहिली धिरडी चिकटली, फाटली. ती फाटकी धिरडी मी खाल्ली. महिने गेले तसा तव्याचा रंग करड्यावरून तपकिरी, तपकिरीवरून काळा होत गेला. पण काकी म्हणायची, "आईच्या वेळंचा काळा येगळा होता." मला काही फरक दिसत नव्हता.

मग गावात उंदीर मरून पडायला लागले.

आधी तेल्याच्या घरात, मग पेठेत, मग आमच्या दुकानात गुळाच्या ढेपांमागे. तहसिलीतून हुकूम आला आणि दवंडी पिटली: गाव खाली करा. प्लेगाला आमच्याकडे गाठीचा ताप म्हणायचे. म्हाताऱ्यांना पूर्वीचा अनुभव होता, कुणी वाद घातला नाही. माळावर, ज्याच्या त्याच्या रानात, कुडाच्या कोपी उभ्या राहिल्या. अप्पांनी गाडीत आधी दुकानातलं धान्य भरलं, मग अंथरुणं, मग हंडे. काकी तवा घेऊन दारात आली तेव्हा गाडीत जागा उरली नव्हती.

काका म्हणाले, "राहू दे. पंधरा दिवसांत परत यायचंय."

तिनं त्याला नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल लावलं आणि खुंटीला टांगला.

कोपीत दोन चुली मावत नव्हत्या. बाहेर वारा इतका, की उघड्यावर जाळ टिकेना. पहिल्या दिवशी आईनं तीन दगड मांडले, भाकरी थापायला बसली, आणि बघितलं तर काकी मागे उभी, हातात पिठाची परात. कुठं जाणार बिचारी? आई थोडी सरकली. काकी शेजारी बसली. आई थापत होती, काकी भाजत होती. आमच्याकडचा पातळ पत्र्याचा तवा होता, तो एकीकडे तापायचा आणि एकीकडे थंडच राहायचा. एक भाकरी करपली. काकी स्वतःशीच पुटपुटली, "पत्रा तो पत्राच."

"जाड तवा पायजे हितं," आई म्हणाली.

एवढंच. पण ते माझ्यामार्फत नव्हतं. मी अप्पांकडे पळत गेले सांगायला. अप्पा म्हणाले, "गप ऱ्हा. बघतीस ते कुणाला सांगू नको, मोडंल."

नाही मोडलं. दोघी एका चुलीवर रांधायला लागल्या. बोलणं कामापुरतं, पण रोज थोडं जास्त. काकीनं आईला ताकातलं पिठलं शिकवलं. आईनं तिचे केस विंचरून दिले. तव्याचा विषय मात्र दोघींनी काढला नाही. आई एखादं वाक्य सुरू करायची, "तेवढं ते पंचमीच्या येळचं...", आणि काकी म्हणायची, "अक्का, शेण आणायचं राह्यलं," आणि उठून जायची.

पंधरा दिवसांचे महिने झाले. आजूबाजूच्या कोपींतून रडणं ऐकू यायचं. मग एका सकाळी काकी पाणी आणायला उठली नाही. अंग तापलेलं, काखेत गाठ. मला शेजारच्या कोपीत हलवलं. काका सैरभैर झाले. हकीम आणायला म्हणून आष्टीला गेले, आणि हकीम दुसऱ्या गावाला गेलेला. आईनं पदर खोचला आणि काकीजवळ बसली. अप्पांनी तिला अडवलं नाही, पण तोंड फिरवून रानाकडे बघत उभे राहिले.

मी कुडाच्या फटीतून बघायची. आई तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवायची, तोंडात चमच्यानं पेज घालायची. एका दुपारी काकी शुद्धीवर होती. आभाळ भरून आलं होतं.

"पाऊस पडंल का, अक्का?"

"पडू दे. रानाला बरा."

"घराचं धाबं गळतं त्या कोपऱ्यात. तवा हाय तिथं."

आई म्हणाली, "मी जाऊन तेल लावते त्याला."

"गावात जाऊ नका." काकीनं तिचा हात धरला. "वापस गेल्यावर लावा. पातळ लावा. लई लावलं की चिकट होतो."

"लावीन," आई म्हणाली. तिनं फडकं पिळून पुन्हा कपाळावर ठेवलं. मग ती म्हणाली, "मला तवा कळत नव्हता गं."

काकीचे डोळे मिटलेले होते. तिनं ऐकलं की नाही, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी काकी गेली. आमच्यात दहन नाही. बसवून माती देतात. विधी करणारे जंगम आले, त्यांनी तिच्या गळ्यातलं इष्टलिंग तिच्या तळहातावर ठेवलं आणि आमच्याच रानाच्या बांधाशी, लिंबाखाली तिला ठेवलं. माणसं थोडी होती. ज्याच्या त्याच्या घरात काही ना काही चाललेलं होतं.

आम्ही गावात परतलो तेव्हा गल्लीत गवत उगवलं होतं. घराचं मातीचं धाबं परसदाराशी खचलं होतं. खुंटी निघाली होती आणि तवा ओल्या मातीच्या ढिगात पालथा पडला होता. ढीग मऊ होता म्हणून फुटला नव्हता. काकांनी तो उचलला. गंजानं तो विटेसारखा लाल झाला होता. हात लावला की पापुद्रे सुटत होते.

"घिसाड्याला देऊन टाका," काका म्हणाले. "माज्या डोळ्यापुढं नको."

आई म्हणाली, "तुमच्या डोळ्यापुढं येणार न्हाई. पर द्यायचा न्हाई."

काका दुकानात निघून गेले. त्या दिवसापासून ते स्वयंपाकघरात जेवायला येईनासे झाले. ताट दुकानात पाठवावं लागे.

आईनं मला परसात बोलावलं. तवा समोर ठेवला आणि म्हणाली, "ती कशी करायची ते तू बघितलंस. सांग मला."

माझी आई मला विचारत होती, याचंच मला नवल वाटत होतं. मी आठवेल ते सांगत गेले. दोघींनी मिळून वाळूनं आणि खापरीच्या तुकड्यानं गंज खरवडला. पाणी लावलं की तिथेच पुन्हा लाली चढायची, म्हणून मी म्हटलं, काकी ओला ठेवायची नाही, लगेच जाळावर धरायची. आईनं तसं केलं. मग तेल. इथं आईचा हात चुकला. तिला वाटलं, इतके दिवस उपाशी राहिलाय, भरपूर पाजू. तिनं चांगलं पळीभर ओतलं आणि तापवलं. तवा निवल्यावर त्याला डिंकासारखा चिकटा धरला. बोट लावलं की बोट धरून ठेवायचा.

आई डोक्याला हात लावून बसली. "पातळ लावा म्हणली होती ती."

पुन्हा खरवडण्यापासून सुरुवात. या वेळी आईनं तेल लावलं आणि कोरड्या चिंधीनं असं पुसलं, जणू चुकून लागलं होतं. धूर निघेपर्यंत तापवला. निवला की पुन्हा. रोजच्या स्वयंपाकानंतर, चुलीत निखारे असेपर्यंत, ती हेच करत बसायची. तिचा तो कामाचा झपाटा कुठे गेला, कळत नव्हतं. एका हातानं तवा धरायचा, दुसऱ्यानं चिंधी फिरवायची, काठावरच्या टवक्याशी आलं की हात हळू करायचा. मी शेजारी निजून जायची.

पहिली धिरडी फाटली. ती गाईला गेली. दुसऱ्या खेपेची आम्ही खाल्ली. होता होता दिवाळीच्या सुमारास एक धिरडं कडेनं सुटलं आणि आपणहून सरकलं. आईनं उलथनं खाली ठेवलं.

"असंच का?" तिनं मला विचारलं.

"असंच," मी म्हटलं.

तिनं ते धिरडं ताटात घातलं, वर चटणी ठेवली आणि म्हणाली, "काकाला नेऊन दे. कुठल्या तव्यावरचं ते सांगू नको." सांगायची गरज नव्हती. काकांनी घास घेतला आणि ताट मांडीवर तसंच धरून बसले. दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं. ते थोडं थांबलं आणि निघून गेलं.

वर्ष उलटलं तसं अप्पांनी काकांचं दुसरं लग्न ठरवलं. काका नको म्हणत होते. मुलगी धर्मापुरीकडची, लहानपणीच विधवा झालेली. आमच्यात अशा मुलीचं पुन्हा लग्न होतं. नवी काकी आली ती दबकत, प्रत्येक वस्तूला हात लावायच्या आधी आईकडे बघत. परसदाराशी धाबं नीट करून घेतलं होतं, पण काकीची चूल तशीच होती. आईनं ती लिंपून काढली नव्हती की पेटवली नव्हती.

लग्नाच्या गडबडीनंतर आईनं तिला आत बोलावलं आणि खुंटीवरचा तवा काढून तिच्या हातात दिला. मला वाटत होतं, आई तो देणार नाही. एवढे कष्ट तिचे होते.

"हा तुजा," आई म्हणाली. "तुज्या आधी जी होती तिचा. पाण्यात ठिवू नको, तापलेल्यावर गार पाणी टाकू नको. तेल पातळ लाव. आन चिंच कदी लावू नको." तिनं काठावरच्या टवक्यावरून बोट फिरवलं. "मी लावलती. ती माजी चूक होती. मी तिला तसं सरळ म्हणाले न्हाई."

नव्या काकीला यातलं काय समजलं असेल? ती एवढंच म्हणाली, "अक्का, मला धिरडी येत न्हाईत."

"काय येतं?"

"धपाटे."

"मग धपाटे कर."

त्या दिवशी स्वयंपाकघरात वेगळाच वास सुटला. ज्वारी, बेसन, ओवा, भरपूर तीळ. नव्या काकीनं ओल्या फडक्यावर धपाटा थापला, तव्यावर उलटा टाकला आणि बोटानं त्याला भोकं पाडली. काका दुकानातून आत आले. कुणी बोलावलं नव्हतं. आईनं पाट सरकवला. ते बसले, जेवले आणि अजून एक मागितला. नव्या काकीनं आईकडे बघितलं. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तिनं पुढचा धपाटा तव्यावर टाकला.

दोन चुली तशाच राहिल्या. पण कुठल्या चुलीवर कोण बसेल, हे त्या दिवसाच्या कामावर ठरायचं.

माझं लग्न होऊन मी सासरी गेले. बऱ्याच वर्षांनी नारायणगडाच्या जत्रेत आई आणि नवी काकी भेटल्या. लेकरं, म्हैस, पाऊसपाणी, सगळं बोलून झालं. मी तव्याचं विचारलं. नवी काकी आईकडे बघायला लागली.

"फुटला," आई म्हणाली. "हिच्या धाकट्यानं तापलेल्यावर तांब्याभर पाणी ओतलं. दोन तुकडे."

आईनं माझ्या पोराच्या हातात रेवड्या दिल्या.

"सोलापूरहून नवा मागवलाय. लई करडा हाय अजून. आमी दोघी आळीपाळीनं तेल पाजतोय."